‘टच ऑफ इव्हिल’: तीन आवृत्त्यांपैकी आधी कोणती पाहावी आणि डिस्क कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही खारघरला राहता. ऑर्सन वेल्सचा 1958 चा ‘टच ऑफ इव्हिल’ घरी नीट पाहायचा आहे, पण डिस्क शोधायला गेलात आणि गोंधळ झाला. कुठे 96 मिनिटं लिहिलंय, कुठे 109, कुठे 111, आणि एका जुन्या डीव्हीडीवर चक्क 106. काही डिस्कवर चित्र रुंद आहे, काहींवर जवळजवळ चौकोनी. शिवाय बाहेरून मागवलेली डिस्क आपल्या प्लेअरवर चालेल का, आणि इतक्या जुन्या कृष्णधवल चित्रपटाला 4के (जास्त बारीक चित्राची डिस्क) लागतेच कशाला, हेही विचारलंत.

आधी उत्तर सांगून टाकतो. पहिल्यांदाच पाहत असाल तर 1998 ची 111 मिनिटांची पुनर्रचना पाहा, 1.85 च्या रुंद चौकटीत (रुंदी उंचीच्या 1.85 पट). डिस्क घेताना मात्र तिन्ही आवृत्त्या असलेलीच घ्या. 4के प्लेअर असेल तर किनो लॉर्बर या अमेरिकन कंपनीने 2022 मध्ये काढलेला तीन डिस्कचा संच डोळे मिटून घ्या. साधा ब्लू-रे प्लेअर असेल तर जरा थांबा, खाली रीजनबद्दल (डिस्क कुठल्या देशांच्या प्लेअरवर चालेल याची वाटणी) लिहिलंय ते वाचा आणि मगच पैसे भरा.

महाप्याच्या एमआयडीसीत डिस्क मास्टरिंगच्या खात्यात माझी उमेदीची वर्षं गेली. कंपनीकडून मास्टर टेप यायची, ती तपासायची, चित्र आणि आवाज जुळतात का पाहायचं, कॉम्प्रेशन कुठे फाटतंय ते शोधायचं आणि मगच डिस्क छपाईला सोडायची. हाताखालून शेकडो सिनेमे गेले. तरी ‘टच ऑफ इव्हिल’इतका डिस्कवरच्या आवृत्तीने बदलणारा दुसरा सिनेमा मी सांगू शकणार नाही. म्हणून उत्तर लांबणार आहे.

गोष्ट मेक्सिको आणि अमेरिकेच्या सीमेवरच्या एका गावात घडते. चित्रीकरण झालं ते कॅलिफोर्नियातल्या व्हेनिस या भागात. एका धनाढ्य माणसाच्या मोटारीत बॉम्ब ठेवला जातो, सीमा ओलांडताच मोटार उडते. तपास हँक क्विन्लन या अमेरिकन पोलीस अधिकाऱ्याकडे जातो. ही भूमिका वेल्सने स्वतः केली आहे. अवाढव्य, घामेजलेला, काठी टेकत चालणारा. गुन्हेगार कोण हे आपल्या अधू पायाला कळतं, असा त्याचा दावा, आणि तीस वर्षांच्या नोकरीत त्याचा अंदाज चुकल्याचं कुणी सांगत नाही. त्याच वेळी मेक्सिकोचा अंमली पदार्थविरोधी अधिकारी वर्गास नव्या नवरीबरोबर तिथे आलेला असतो. तो चार्ल्टन हेस्टनने केलाय. गोऱ्या नटाला चेहरा रंगवून मेक्सिकन करण्याची ती पद्धत आज खटकते आणि खटकायलाच हवी. भूमिका मात्र सचोटीने लिहिलेली आहे. नवरी सुझन झाली आहे जॅनेट ली. क्विन्लनचा सावलीसारखा साथीदार सार्जंट मेंझीज झालाय जोसेफ कलेया, आणि माझ्या मते चित्रपटाचं काळीज हाच माणूस आहे. ते का, यावर पुढे येतो.

क्विन्लन सांचेझ नावाच्या एका मेक्सिकन पोराला पकडतो. त्याच्या खोलीची झडती सुरू असते. वर्गास बाथरूममध्ये जातो, त्याच्या हातून बुटांचं एक खोकं खाली पडतं. रिकामं. थोड्या वेळाने त्याच खोक्यात डायनामाइटच्या दोन कांड्या ‘सापडतात’. वर्गासच्या डोक्यात प्रकाश पडतो: क्विन्लन पुरावा पेरतो. आजच नाही, वर्षानुवर्षं पेरत आलाय.

हा प्रसंग पाहताना एक गोष्ट बारकाईने बघा. खोलीतला सगळा व्यवहार वेल्सने मोठमोठ्या अखंड शॉटमध्ये चित्रित केलाय. छत दिसतंय, पाच-सात माणसं दाटीवाटीने ये-जा करतायत, कॅमेरा त्यांच्यात मिसळलाय. मध्ये वर्गास बायकोला फोन करायला समोरच्या दुकानात जातो. दुकानातली बाई आंधळी आहे. कॅमेरा वर्गासबरोबर बाहेर पडतो, आपणही बाहेर पडतो. परत येतो तेव्हा खोकं भरलेलं असतं. पेरणी आपल्याला कधीच दिसत नाही. साक्षीदार जेवढा वेळ बाहेर गेला, तेवढ्यातच काम उरकलेलं आहे.

ठाण्यात नौपाड्यात आमचा सिनेमा पाहणाऱ्यांचा छोटा गट आहे. एका सभासदाच्या घरी, पडदे ओढून, प्रोजेक्टरवर पाहतो. त्यात पोलीस खात्यातून निवृत्त झालेले एक फौजदार आहेत. सगळे त्यांना साहेबच म्हणतात. या प्रसंगाला त्यांनी मला थांबवायला लावलं आणि विचारलं, “पंच कुठायत?” मग परत मागे नेऊन दाखवायला सांगितलं. झडतीच्या वेळी हजर असलेली सगळी माणसं त्यांनी बोटाने मोजली: क्विन्लन, त्याची माणसं, संशयित, त्याची मैत्रीण. “बाहेरचा माणूस एकच, तो वर्गास. आणि नेमका तोच फोनला गेला. पंचनाम्यावर सही कुणाची घेणार?” आपल्याकडे झडतीला दोन स्वतंत्र पंच हवेत हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 मध्ये होतंच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 ने झडती आणि जप्तीचं दृक-श्राव्य चित्रण करायलाही सांगितलंय. साहेबांचं म्हणणं असं की हे कलम ज्या भीतीपोटी आलं, ती भीती 1958 च्या या सिनेमात एका बुटांच्या खोक्यात दिसते. त्यानंतर हा प्रसंग मी कुणालाही दाखवताना आधी साहेबांचा प्रश्न सांगतो.

आता आवृत्त्यांकडे. वेल्सने 1957 मध्ये चित्रीकरण पूर्ण केलं आणि संकलनाचं बरंचसं कामही केलं. मग युनिव्हर्सल स्टुडिओने सिनेमा त्याच्या हातातून काढून घेतला. गोष्ट प्रेक्षकांना कळणार नाही अशी त्यांना धास्ती होती. हॅरी केलर या दुसऱ्या दिग्दर्शकाकडून काही जोडप्रसंग चित्रित करून घेतले आणि स्टुडिओने आपल्या मताने जुळणी केली. ती पाहून वेल्सने डिसेंबर 1957 मध्ये स्टुडिओप्रमुख एडवर्ड मुल यांना 58 पानांचं टिपण लिहिलं. भांडणाचं पत्र नाही ते. सिनेमा गमावलेला माणूस अत्यंत सभ्यपणे, प्रसंगामागून प्रसंग घेत, ‘निदान एवढं तरी करा’ असं समजावतोय. इथे आवाज खाली घ्या, इथे हा शॉट काढा, इथे दोन कथा एकाआड एक चालू द्या. चित्रपट संकलनावर इतकं मोलाचं लिखाण मी फार थोडं वाचलंय. संकलन शिकणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावं असं मी अगदी मनापासून सांगतो.

स्टुडिओने त्यातलं थोडं ऐकलं, पुष्कळसं नाही. आधी सुमारे 109 मिनिटांची एक प्रत पूर्वप्रदर्शनासाठी तयार झाली. मग तीही कापून 96 मिनिटांची केली आणि 1958 मध्ये तीच थिएटरात लागली, तीसुद्धा एका तिकिटात दोन सिनेमांच्या खेळात दुय्यम सिनेमा म्हणून. मुख्य सिनेमा होता केलरनेच दिग्दर्शित केलेला.

109 मिनिटांची प्रत 1970 च्या दशकाच्या मध्यात स्टुडिओच्या साठ्यात सापडली आणि काही काळ ‘संपूर्ण’, ‘मूळ’ अशी फिरवली गेली. हे साफ चूक. तिच्यात वेल्सचं जास्त चित्रीकरण आहे हे खरं, पण केलरचंही जास्त आहे. लांब म्हणजे अस्सल, असा आपल्याकडेही समज असतो. डिस्कच्या धंद्यात त्याच समजुतीवर वेष्टणं छापली जातात. वेष्टणावर ‘अनकट’ दिसलं की आधी विचारा, कापलेलं कुणी होतं आणि जोडलेलं कुणाचं आहे.

1998 ची 111 मिनिटांची आवृत्ती वेगळी. निर्माता रिक श्मिडलिन याने वॉल्टर मर्च या संकलकाला घेऊन त्या 58 पानांच्या टिपणाप्रमाणे सिनेमा पुन्हा जुळवला. लहानमोठे मिळून सुमारे 50 बदल केले. पण वेल्सची स्वतःची जुळणी कधीच नष्ट झाली होती आणि न वापरलेलं फुटेजही शिल्लक नव्हतं. त्यामुळे मर्चला काम करावं लागलं ते आधीच्या दोन आवृत्त्यांतल्या ऐवजावर. केलरचे काही तुकडे याही आवृत्तीत आहेत, कारण ते काढले तर कथा तुटते. वेल्स 1985 मध्येच गेला. म्हणून हिला ‘दिग्दर्शकाची प्रत’ म्हणू नका. टिपणानुसार केलेली पुनर्रचना आहे, आणि त्या मर्यादेत ती फार प्रामाणिक आहे.

बदल काय झाले? सगळे सांगत नाही, तीन सांगतो.

पहिला सुरुवातीचा शॉट, तीन मिनिटांहून थोडा मोठा, अखंड. हातात बॉम्ब, घड्याळाची किल्ली फिरते, बॉम्ब मोटारीच्या डिकीत जातो, कॅमेरा क्रेनवरून इमारतीच्या वर उठतो आणि मोटारीच्या मागे गावभर फिरतो. वाटेत वर्गास आणि सुझन पायी चालताना भेटतात, मोटार त्यांच्या पुढेमागे रेंगाळते. 1958 च्या प्रतीत या शॉटवर श्रेयनामावली आहे आणि हेन्री मॅन्सिनीचं ढोलाबिगुलांचं संगीत. संगीत झकास आहे यात वाद नाही. पण अक्षरं वाचण्यात डोळा गुंततो आणि मोटार हरवते. वेल्सला इथे नावं नको होती आणि वेगळं पार्श्वसंगीतही नको होतं. त्याला हवा होता रस्त्याचा आवाज: एका बारमधून एक गाणं, पुढच्या दारातून दुसरं, आणि त्या मोटारीच्या रेडिओवरचं तिसरं. पुनर्रचनेत नावं शेवटी गेली आणि संगीत उतरवल्यावर त्याखाली दबलेला आवाजाचा ट्रॅक मोकळा झाला. पावलं, रहदारी, जनावरं, सगळं. आता रेडिओचा आवाज जवळ आला की बॉम्ब जवळ आला हे कानाला कळतं. डोळे मिटूनही मोटार कुठे आहे ते सांगता येतं. मी हा शॉट हेडफोन लावून पुष्कळदा ऐकलाय. तुम्हीही एकदा तसाच ऐका.

याच शॉटवरून तुमच्याकडची प्रत कुठली ते ओळखता येतं. स्ट्रीमिंगवर किंवा कुणी दिलेल्या डिस्कवर आवृत्तीचं नाव नसतं तेव्हा हे कामाला येतं. सुरुवातीच्या शॉटवर नावं येत असतील तर ती जुन्या दोनांपैकी एक, कोणती ते लांबीवरून कळेल. नावं नसतील तर 1998 ची.

दुसरा बदल स्फोटानंतरचा. सुझनला गावातला गुंड ग्रँडी बोलावून घेतो, इकडे वर्गास घटनास्थळी असतो. थिएटरच्या प्रतीत सुझनचा प्रसंग सलग येतो, वर्गास तोवर बाजूला पडतो. टिपणात वेल्सने दोन्ही एकाआड एक मागितले होते आणि मर्चने तसे केले. नवराबायको एकाच वेळी वेगवेगळ्या संकटांत सापडतात, आणि वर्गास कायद्याच्या मागे धावताना बायकोकडे पाठ फिरवतो, हे तेव्हा ठसतं. केलरने चित्रित केलेला हॉटेलच्या लॉबीतला समजुतीचा प्रसंगही इथून गेला. गेला ते बरंच झालं.

तिसरा बदल सर्वात लहान, आणि माझ्या दृष्टीने सर्वात मोठा. वर्गास जुन्या खटल्यांची कागदपत्रं मेंझीजपुढे टाकतो: बघ, प्रत्येक वेळी पुरावा तुलाच सापडलाय, कारण क्विन्लनने तो तिथे ठेवलेला होता. जुन्या प्रतींत इथे मेंझीजच्या चेहऱ्याचा एक मोठा क्लोजअप आहे. माणूस कोसळल्यासारखा दिसतो. वेल्सने टिपणात तो शॉट काढायला सांगितलं होतं. मर्चनेच पुढे सांगितलंय की तो काढल्यावर मेंझीजचं सगळं चरित्रच बदललं. क्लोजअप असताना तो मोडून पडतो आणि वर्गासच्या हाताला लागतो. क्लोजअप नसताना तो वाद घालतो, नाकारतो, आणि नंतर अंगावर छुपा मायक्रोफोन लावून क्विन्लनसमोर उभा राहतो तो स्वतःच्या निर्णयाने. काही सेकंदांचा एक शॉट. तो ठेवला तर मेंझीज दुबळा, काढला तर चित्रपटातला सर्वात धैर्याचा माणूस. म्हणूनच मी त्याला चित्रपटाचं काळीज म्हटलं.

भ्रष्ट पोलिसांवरच्या बहुतेक सिनेमांत पैसा असतो: हप्ता, पाकीट, मांडवली. क्विन्लन पैसे खात नाही. हे त्याच्या तोंडूनच येतं, आणि त्याच्या अवकळेवरून पटतंही. त्याच्या बायकोचा गळा आवळून खून झाला होता आणि खुनी सुटला. त्यानंतर एकही सुटू द्यायचा नाही या जिद्दीने तो पुरावे पेरू लागला. खोटा पुरावा, पण आपल्या मते खऱ्या गुन्हेगाराविरुद्ध. शेवटी कळतं की सांचेझने गुन्हा कबूल केला. म्हणजे क्विन्लनचा अंदाज बरोबर होता, असं मानून बरेचजण सिनेमा बंद करतात.

माझं मत वेगळं आहे आणि ते ठाम आहे. ती कबुली आपण ऐकत नाही. ती एका माणसाच्या तोंडून बातमीसारखी येते. कबुली दिली कुठे? कोठडीत. घेतली कुणी? क्विन्लनच्याच खात्याने. आमच्या साहेबांनी यावर फक्त एवढंच म्हटलं, “पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, ती का हे असल्या केसवरूनच कळतं.” 1872 च्या पुरावा कायद्याच्या कलम 25 मध्ये तो नियम होता आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. सांचेझ दोषी असेलही. पण क्विन्लनने तपासाचं पाणीच गढूळ केल्यावर ते खात्रीने सांगायला आता कुणीही उरलेलं नाही. खऱ्या गुन्हेगारालाच अडकवलं असलं तरी त्याचं गुन्हेगार असणं आता कधीच सिद्ध होणार नाही. पेरलेल्या पुराव्याचं हे नुकसान इतक्या स्पष्टपणे दाखवणारा सिनेमा माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

मराठी माणसाला इथे ‘अर्धसत्य’ आठवणारच. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचं 1983 चं दिग्दर्शन. तिथला सब-इन्स्पेक्टर वेलणकर व्यवस्थेने घुसमटतो आणि ती घुसमट कोठडीतल्या माणसावर निघते. क्विन्लनची घुसमट संपून तीस वर्षं झालीत, तो आता सवयीने करतो. दोन्ही सिनेमे लागोपाठच्या आठवड्यांत पाहिलेत तर क्विन्लनही कधीतरी वेलणकर होता का, हा प्रश्न नक्की पडेल. आमच्या गटात त्यावर रात्री उशिरापर्यंत चर्चा झाली होती.

आता 106 मिनिटांचं कोडं. ती चौथी आवृत्ती नाही. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांनी धावतो, पाल (युरोपातल्या टीव्हीची) पद्धतीची डीव्हीडी 25 ने. युरोपातल्या डीव्हीडींवर सिनेमा थेट 25 ने चालवतात, म्हणजे चार टक्के जलद. 111 मिनिटांचे साधारण साडेएकशेसहा होतात, 96 चे 92. आवाजही किंचित चढतो. वेल्सचा खर्ज ज्यांच्या कानात बसलाय त्यांना ते जाणवतं. ब्लू-रेवर ही भानगड नाही, तिथे 24 चा वेग तसाच राहतो. अमेरिकेच्या एनटीएससी डीव्हीडीवरही लांबी बरोबर असते. तेव्हा जुनी डीव्हीडी हातात आली तर आधी पाल की एनटीएससी ते पाहा, मग मिनिटं मोजा.

डीव्हीडींबद्दल आणखी थोडं. युनिव्हर्सलने 2000 मध्ये पुनर्रचनेची डीव्हीडी काढली, तिच्यावर वेल्सचं टिपण वाचायला दिलं होतं. 2008 मध्ये पन्नास वर्षांनिमित्त दोन डिस्कच्या संचात तिन्ही आवृत्त्या एकत्र आल्या आणि टिपणाची पुस्तिकाही. तो संच जुन्या बाजारात मिळाला तर पुस्तिकेसाठी जरूर घ्या. चित्र मात्र आजच्या मोठ्या टीव्हीवर तोकडं पडतं. हा सिनेमा बहुतांश रात्रीचा आहे, आणि रात्र हीच डीव्हीडीची दुखरी जागा. फिल्मच्या कणांची सततची थरथर एन्कोडरला, म्हणजे चित्र दाबून डिस्कवर बसवणाऱ्या यंत्रणेला, महागात पडते. बिट (चित्राला मिळणारी डिस्कवरची जागा) कमी पडले की अंधाऱ्या भिंतीवर चौकोनी ठोकळे उमटतात. मास्टरिंगला बसलो की अशा सिनेमात आम्ही संवादाच्या प्रसंगांतून बिट वाचवून रात्रीच्या दृश्यांना द्यायचो, तरी 8.5 जीबीच्या डिस्कला मर्यादा असतेच. शेवटचा पाठलाग आठवा: खाली पाणी, वर पूल, क्विन्लन आणि मेंझीज बोलत चाललेत आणि वर्गास ध्वनिमुद्रणाचं यंत्र घेऊन खालून त्यांचा आवाज पकडतोय. इथे काळ्यात पाच-सहा छटा आहेत. डीव्हीडीवर त्या दोन होतात.

तुमच्या 4के च्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. कृष्णधवल सिनेमाकडे रंग नसतो, सगळी मदार छटांवर, म्हणून त्याला चांगल्या डिस्कची गरज उलट जास्त. छायाचित्रकार रसेल मेटीचं काम 4के वर पाहिल्यावर मला वेल्सच्या घामेजलेल्या गालावरचे खुंट आणि त्याच्यामागच्या अंधारातला जिन्याचा कठडा एकाच वेळी दिसले. आधी कठडा दिसतच नव्हता.

रीजनचं असं आहे. डीव्हीडीच्या नकाशात भारत रीजन 5 मध्ये, अमेरिका 1 मध्ये, युरोप 2 मध्ये. ब्लू-रेसाठी भारत सी, अमेरिका ए, युरोप बी. ‘मास्टर्स ऑफ सिनेमा’ या ब्रिटिश मालिकेतली 2011 ची ब्लू-रे अभ्यासकाला फार मोलाची आहे, कारण तिच्यात पुनर्रचना आणि थिएटरची प्रत रुंद आणि चौकोनी अशा दोन्ही चौकटींत दिल्या आहेत आणि पूर्वप्रदर्शनाची प्रत वेगळी. पण ती रीजन बी आहे. वाशीच्या दुकानातून घेतलेल्या साध्या प्लेअरवर ती ‘ही डिस्क चालणार नाही’ एवढं सांगून बाहेर येईल. युनिव्हर्सलची 2014 ची ब्लू-रे तिन्ही आवृत्त्या देते, पण ती अमेरिकेतली. मागवण्याआधी विक्रेत्याकडून रीजनची खात्री लेखी करून घ्या. 4के डिस्कला मात्र रीजनच नसतो. जगातल्या कुठल्याही यूएचडी, म्हणजे 4के, प्लेअरवर ती चालते. डिस्कच्या खाचेचा पीएस5 (प्लेस्टेशन 5 हे खेळांचं यंत्र) असेल तरी काम भागतं. त्यावर डिस्कचं डॉल्बी व्हिजन (उजेड-अंधाराच्या छटा जास्त दाखवायची वरची पद्धत) मिळत नाही, त्याच कामाचं साधं एचडीआर10 मिळतं, आणि या सिनेमाला तेवढं पुरतं. वेगळा प्लेअर घेण्याआधी घरातल्या मुलांकडे चौकशी करा, यंत्र कदाचित घरातच असेल.

चौकटीचा वाद मिटणारा नाही, तरी माझं मत देतो. नेगेटिव्हवर चित्र जवळजवळ चौकोनी, 1.37 चं, टिपलेलं आहे. 1958 मध्ये अमेरिकेतली थिएटरं ते वरून-खालून झाकून 1.85 ने दाखवत होती आणि युनिव्हर्सलचं चित्रीकरण ते गृहीत धरूनच व्हायचं. म्हणून पहिल्यांदा 1.85. चेहरे जवळ येतात, गर्दी अंगावर येते. नंतर कधी 1.37 मिळाली तर सांचेझच्या खोलीचा प्रसंग तिच्यात पाहा. छत जास्त दिसतं आणि क्विन्लन त्याला टेकल्यासारखा वाटतो. त्या प्रसंगाला ते शोभतं, पण बाकी बऱ्याच ठिकाणी डोक्यावर मोकळी जागा उरते आणि शॉट सैल पडतो.

समालोचनाचे ट्रॅक चुकवू नका. पुनर्रचनेवर श्मिडलिन, हेस्टन आणि जॅनेट ली एकत्र बोलले आहेत. दोन्ही कलावंत आता नाहीत, त्यामुळे ती आठवण म्हणूनही जपण्याजोगी. पूर्वप्रदर्शनाच्या प्रतीवर जोनाथन रोझनबॉम आणि जेम्स नॅरेमोर या वेल्सच्या अभ्यासकांचा ट्रॅक आहे. रोझनबॉम पुनर्रचनेचा सल्लागार होता, त्यामुळे कुठला शॉट कुणाचा हे तो नेमकं सांगतो. केलरचे तुकडे ओळखायला हा ट्रॅक सर्वात उपयोगी.

टीव्हीचं एक सांगायचं राहिलं. डिस्क कितीही चांगली असली तरी टीव्हीने चित्र गुळगुळीत केलं तर पैसे वाया. मोशन स्मूदिंग बंद करा, शार्पनेस शून्यावर आणा, नॉइज रिडक्शन बंद करा, आणि फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा. कण दिसायला लागले म्हणजे डिस्क खराब नाही, फिल्म दिसतेय. दिवाणखान्यातली ट्यूबलाइट मालवा. आपल्या सोसायट्यांत समोरच्या इमारतीचे दिवे थेट पडद्यावर येतात, तेव्हा जाड पडदा ओढा आणि शक्यतो रात्री दहानंतर लावा.

आणि पाहण्याचा क्रम: आधी 111 मिनिटांची, एका बैठकीत, मध्ये न थांबता. दोन-तीन दिवसांनी 96 ची. तिच्यात फक्त सुरुवातीचा शॉट, स्फोटानंतरची वीस मिनिटं आणि मेंझीजचा कागदपत्रांचा प्रसंग लक्ष देऊन पाहिलेत तरी चालेल. 109 ची समालोचनासहच लावा. टिपण मात्र पहिल्या पाहण्याच्या आधी वाचू नका. ते वाचून बसलात तर सिनेमा पाहण्याऐवजी बदल मोजत बसाल. पाहून झाल्यावर मेंझीजबद्दल तुमचं मत काय झालं ते मला जरूर कळवा. साहेबांनाही ते ऐकायचं असतं.